राजांची कट्यार म्हणायची का?

तीर्थरूप अण्णा,

खंडेनवमी परवावर आली. फडताळातून कट्यार काढली आणि हात तिथेच थांबला. तुमच्याशिवाय ही पहिलीच पूजा. त्यात सकाळी आपल्या मंडळाचे सेक्रेटरीकाका येऊन गेले. दसऱ्याच्या प्रदर्शनात कट्यार मांडायचीय, खाली ‘राजांची कट्यार’ अशी पाटी, आणि पाटीवर माझी सही! मी म्युझियममध्ये नोकरी करते ना. आता हे तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

बसवनगुडीतल्या या घराचा पाया खणताना ती निघाली आणि तुम्ही त्याच दिवशी ठरवून टाकलंत. राजांची बेंगळुरूला जहागीर होती, म्हणजे कट्यार त्यांचीच. अहो, त्यांच्या पदरी कितीतरी माणसं होती. त्यांच्याआधी होती, नंतरही होती. एखाद्या साध्या शिपायाच्या कमरेची नसेल कशावरून?

मी असं म्हटलं की तुम्ही गाल फुगवून बसायचात, आणि आई माझ्यावरच डोळे वटारायची.

खरं सांगू? मला तुमचा रागही येतो. पायाची माती कंत्राटदाराने उचलून नेली, तिच्यात आणखी काय होतं ते कुणी पाहिलंच नाही. उरली कट्यार. ती तुम्ही दरवर्षी पूजेआधी घासलीत. मूठ चिंचेने, पातं पॉलिशपेपरने, पार लख्ख होईपर्यंत! कारागिराचा ठसा असेल, एखादं अक्षर असेल, सगळं भक्तिभावाने घासून गेलं. आता मी काय वाचू तिच्यावर?

काकांना हेच सांगितलं. ते म्हणाले, “अगं, स्वल्प अ‍ॅडजस्ट कर की. अण्णांसाठी तरी.”

तिथे मात्र मी अडले. सही केली तर तुमचा शब्द राहतो. नाही केली तर अख्खं मंडळ म्हणणार, लेकीनेच बापाला खोटं पाडलं. अण्णा, तुम्ही खोटं बोलत नव्हतात, तुम्हाला ते मनापासून वाटत होतं. पण नुसतं वाटतं म्हणून पाटीवर कसं लिहू हो?

तेव्हा वचन देते, राजांचं नाव मी लिहिणार नाही. रागवायचं तर रागवा. पाटी मात्र मीच लिहीन: ‘घराचा पाया खणताना सापडली. कुणाची, ते माहीत नाही. जन्मभर सांभाळली’, आणि पुढे तुमचं पूर्ण नाव. तेवढं एकच नाव मी खात्रीने सांगू शकते. त्याच्याखाली सही करीन.

तुमची हट्टी लेक,
सुमी