पंगत उठवणारा बँड

कल्याण, मार्गशीर्ष शु. ५, शके १८०३

तीर्थस्वरूप सहदेवदादांचे चरणी बालके विठ्ठलचे कृ. सा. न. वि. वि.

सनई सोडून मी इंग्रजी बँड काढला म्हणून आपण रागावलात, हे वहिनींच्या निरोपावरून कळले. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले गोविंदा उस्ताद आम्हांला शिकवतात. त्यांना सरकारी सलामी पक्की येते. दुसरी एक चाल अर्धीच आठवते, ती आम्ही दोनदा वाजवतो. लाल कोट लिलावातले, साहेबांच्या मापाचे आहेत. ढोल वाजवणारा आमचा उत्तम त्यात सापडत नाही.

पहिले लग्न शहाडला वाजवले. वरातीपुढे कोणी नाचेना. सलामी ऐकून कलेक्टरसाहेब आले असे वाटले, आणि सारे गाव दुतर्फा हात जोडून उभे राहिले. एकाने तर बांधाच्या तंट्याचा अर्ज माझ्या हातात दिला. मी घेतला, कारण कोट लाल होता.

चि. रतन आत्ता कुठे रांगते आहे, तरी आजच मागून ठेवतो. तिच्या लग्नात मला वाजवू द्यावे. आपण मला एकदा ऐकावे, एवढीच इच्छा आहे. राग निवळला की लोभ करावा, ही विनंती.

ठाणे, पौष व. २, शके १८०३

चि. विठ्ठलास अ. उ. आ.

तीन पिढ्या आपल्या घरच्या सनईने देव जागा होतो. तुझ्या पितळी भोंग्यांनी फार तर मामलेदार जागा होईल. रतनच्या लग्नात सनई मीच वाजवीन. तू काका म्हणून रिकाम्या हाताने ये आणि अक्षता टाक. तो अर्ज परत कर, नाहीतर तो मनुष्य बांध मोजायला तुलाच बोलावील. थंडीत छातीला जप. आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागणार नाहीत.

कल्याण, वैशाख शु. १०, शके १८०७

ती. दादांस कृ. सा. न. वि. वि.

हरिहरपंतांकडे मुंजीच्या पंगतीत आम्ही सलामी धरली. पाहुण्यांत एक पेन्शनर सुभेदार होते, ते ताडकन उठले. सुभेदार उठले म्हणून कारकून उठले, आणि कारकून उठले म्हणून सारी पंगत उठली. पानावरून एकदा उठले की पुन्हा बसता येत नाही, हे आपण जाणताच. जिलब्यांच्या पराती भरलेल्याच राहिल्या. मला वाटले, आता मार बसणार. पण पंतांनी मला शेला दिला.

ही बातमी फुटली, आणि तेव्हापासून गावोगावचे चिक्कू यजमान भटजींच्या आधी आम्हांला ठरवतात. पहिला भात झाला की ते डोळ्याने खुणावतात आणि आम्ही सलामी वाजवतो. पाहुणेही आता शहाणे झाले आहेत. लाल कोट दिसले की जिलबीपासूनच सुरुवात करतात. डोंबिवलीस एक आजोबा तर कानात कापूस घालून आले आणि दोनदा भात मागून जेवले.

दादा, धंदा जोरात आहे आणि मला फार वाईट वाटते. उस्तादांना त्या चालीचा उरलेला अर्धा भाग आठवला, पण तो ऐकायला माणूस उरत नाही. आमच्यावर आपली माया आहे, ती पातळ होऊ देऊ नये.

ठाणे, माघ शु. १२, शके १८१४

चि. विठ्ठलास अ. उ. आ.

रतनचे लग्न फाल्गुन शु. ३ स ठरले. माझे पुढचे दात पडले. सनईत फुंकर धरत नाही, नुसता वारा जातो. परक्या सनईवाल्याला बोलवायला मन घेत नाही. तेव्हा तूच ये, बँड घेऊन ये. मात्र पंगतीत सलामी वाजवलीस तर वऱ्हाड उपाशी परत जाईल आणि पोरीला जन्मभर टोमणे ऐकावे लागतील. जेवण आधी की बँड, असे व्याही आत्तापासूनच विचारतात. काय वाजवायचे ते तुझ्यावर सोपवतो, आणि मला धास्ती वाटते. वेळेवर निघावे, हा आशीर्वाद आणि हुकूमही.

कल्याण, फाल्गुन शु. ५, शके १८१४

ती. दादांस कृ. सा. न. वि. वि.

आम्ही संध्याकाळच्या गाडीला निघालो तेव्हा आपण एक शब्दही बोलला नाहीत. पंगतीत मी बाबांची सनईची चाल क्लॅरिनेटवर घेतली. वऱ्हाड हलले नाही, शेवटच्या जिलबीपर्यंत निवांत जेवले. कोणाचे लक्ष होते की नाही, देव जाणे. आपण मात्र व्याह्यांशेजारचे पान अर्धे टाकून उठलात. दिवसभर उपाशी राहिलात, असे वहिनी म्हणाल्या. मी घरची चाल बाटवली का? तसे असेल तर स्पष्ट लिहावे, मी क्लॅरिनेट विकून टाकीन. उत्तराची वाट पाहतो, लोभाची त्याहून जास्त.

ठाणे, फाल्गुन शु. ८, शके १८१४

चि. विठ्ठलास अ. उ. आ.

क्लॅरिनेट विकू नकोस. तुझ्या त्या काळ्या नळीतून बाबा निघाले आणि माझा घास हातातच राहिला. मी ठरवून उठलो नाही. व्याह्यांनी बाही ओढली तेव्हा कळले की आपण उभे आहोत. बोलायला गेलो असतो तर मांडवात रडलो असतो, म्हणून तुझ्याशी बोललो नाही.

व्याही घाबरून विचारत होते, कोणी साहेब आले आहेत काय. मी त्यांना सांगितले, साहेब नाही, माझा धाकटा भाऊ वाजवतो आहे.