शासन नोंदणीकृत

१२ जून २००३, जाफराबाद

आज नर्सिंगच्या पोरींना पेशंटच्या पलंगावर चादर घालायला शिकवलं. कोपरा तिरका दुमडून गादीखाली सारायचा, तर मदिनाने सरळ गाठ मारली! रागावणार होते, हसूच आलं. एक्क्याऐंशी साली औरंगाबादला ट्रेनिंगला असताना मीही गाठच मारली होती. आमच्या सोनूबाई सिस्टरनी चादर ओढून खाली टाकली — "पेशंट हाय का गाठोडं?" हॉस्टेलवर किती शिव्या घातल्या त्यांना! आणि आज माझ्या तोंडी तेच वाक्य.

या एकवीस पोरींमुळे ते दिवस मला परत मिळालेत. सासूबाईंच्या आजारपणात सरकारी नोकरी सोडली, त्याचं वाईट वाटणं इथे आल्यापासून थांबलं.

१९ जून

पोरींचे परीक्षेचे फॉर्म अजून नाहीत. संस्थेचे अध्यक्ष तातेराव म्हणतात, "येऊन राह्यलेत बाई, जल्दी काय हाय?"

२६ जून

न राहवून एसटीडीवरून मुंबईला नर्सिंग कौन्सिलला फोन लावला. या नावाची शाळा आमच्या यादीत नाही म्हणाले. पुन्हा बघायला लावलं. नाही!

तडक तातेरावांकडे गेले. म्हटलं, पाटीवर एवढं मोठं 'शासन नोंदणीकृत' लिहिलंय ते काय? "मंग? खोटं हाय का? संस्थेची नोंदणी हाय ना!"

संस्थेची. धर्मादाय ऑफिसातली. कोर्सला मान्यताच नाही. म्हणजे पोरी कितीही शिकल्या तरी कौन्सिलच्या रजिस्टरात नर्स म्हणून नाव चढणार नाही, आणि त्याशिवाय कुठलाच दवाखाना घेणार नाही. पोरींना वाटलं, नोंदणी म्हणजे आपली नोंदणी. मलाही तेच वाटलं. वर्षभर रोज त्या पाटीखालून गेले — मी, शिकलेली बाई!

२७ जून

जेवण गेलं नाही. सारखा आमचा ट्रेनिंगनंतरचा शपथविधी आठवतोय. हातात मेणबत्त्या, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. माझ्या शेजारी उभ्या बेबीनंदाच्या मनगटावर मेण सांडलं तरी बया हलली नाही, शपथ पूर्ण म्हटली आणि मग भोकाड पसरलं! काय सुखाचे दिवस होते. शाळा खरी की खोटी, हा प्रश्नच कधी पडला नाही आम्हाला.

३० जून

पोरींना सगळं सांगितलं. कुणी रडलं नाही, त्याचंच जास्त लागलं. मदिना मागे थांबली. "बाई, घरी बसले की अब्बा लगन लावतेत. दोन ठिकाणं आल्ती. शाळा हाय म्हणून थांबलेत."

२ जुलै

मदिनाचे वडील याकूबभाई राजूरहून आले. शिलाईचं दुकान बंद ठेवून. वाटलं, तातेरावांना धरतील. ते माझ्याच समोर उभे राहिले. "पाटी बघून न्हाई धाडली पोरगी. तुम्ही शिकवता म्हणून धाडल्ती."

 

८ जुलै

तातेराव आज गोड बोलले नाहीत. "गप ऱ्हावा बाई. न्हाईतर पोरी बी जातील अन तुमची नोकरी बी."

पोरींचं वर्ष वाचवा म्हणून कौन्सिलला अर्ज लिहिला. एकवीसही पोरींनी सह्या केल्या. मदिनाची सही पहिली, सगळ्यांत मोठी!

२२ ऑगस्ट

कौन्सिलकडून तपासणीला दोघीजणी आल्या. पोरींना चार तास प्रश्न विचारले. मी बाहेर व्हरांड्यात. जाताना एक बाई म्हणाल्या, "शिकवलंय मात्र मन लावून." खूप दिवसांनी रडले.

११ सप्टेंबर

कौन्सिलचं पत्र! ही शाळा बंद. पण पोरींना जालन्याच्या मान्यता असलेल्या शाळेत घेणार, आणि इथलं वर्षही धरणार. फक्त नोंदणी असलेल्या नर्सने लेखी द्यायचं की वर्षभर आपण स्वतः शिकवलं. एवढंच! म्हणजे मीच. पोरींनी मला उचललं, एवढ्या मोठ्या बाईला! याकूबभाई पेढे घेऊन आले, लग्नाचं काही बोलले नाहीत. माझी नोकरी गेली. जाऊ दे. माझं नाव आहे रजिस्टरात, कुठेही काम मिळेल.

१३ सप्टेंबर

पत्राला दुसरं पान होतं, परवा आनंदात पाहिलंच नाही. मान्यता नसलेल्या शाळेत शिकवल्याचं जी नर्स लिहून देईल, तिचं नाव रजिस्टरातून कमी होईल.

दुपारी मीच शिकवलं असं लिहून, सही करून टपालात टाकलं. पोरींना दुसऱ्या पानाचं सांगितलेलं नाही.