पश्चिमेच्या भिंतीचे निळे पत्रे

देवणी, ४ सप्टेंबर २०२४

ती. अण्णांस, सिंधुचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मला तुमचं निम्मं बोलणं ऐकू येत न्हाई, अन् तुम्ही ओरडलात की वहिनी दचकतात. म्हणून आपला कागदच बरा. इकडं समदे खुशाल. सूनबाईला, सुकन्याला, सातवा लागला. दसऱ्याला डोहाळजेवण करावं म्हणतो. तिच्या माहेरची, उमरीची, पंचवीस माणसं येतील.

एक विचारायचं होतं. पश्चिमेच्या भिंतीला ओल येती म्हणून चार वर्षांमागं बाहेरून निळे पत्रे ठोकून घेतले, ते लई घाण झालेत. काळी बुरशी धरली, पन्हाळीखाली पांढरे ओघळ आलेत. येणाऱ्याला पयली तीच भिंत दिसती. हे म्हणतात, साबणाचं पाणी अन् फडकं, दुसरं काही लावायचं न्हाई. मी म्हटलं, आमचे अण्णा चौतीस वर्षं बांधकाम खात्यात होते, त्यांना विचारल्याबिगर हात लावणार न्हाई. लवकर कळवा.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची, सिंधु


नांदेड, १० सप्टेंबर २०२४

चि. सौ. सिंधुस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. मला विचारलंस हे बरं केलंस. रामलिंगरावांना सांग, साबण अंगाला लावायचा असतो, पत्र्याला नव्हे. जन्मभर शाळेचे हजेरीपट लिहिलेल्या माणसानं बांधकामात पडू नये. (चेष्टा आहे, रागावू नका म्हणावं.) फरशी धुवायचं ॲसिड आण, त्यात थोडं पाणी टाक आणि तारेच्या ब्रशानं दाबून घास. आरशासारखी भिंत होईल. मी दसऱ्याला येतोच आहे, तेव्हा बघीन.

सुकन्येस जपा. घरातल्या सगळ्यांना माझी आठवण द्या.
तुझा, अण्णा


देवणी, २९ सप्टेंबर २०२४

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

माझा चष्मा फुटला, म्हणून सुकन्याच्या हातून लिहून घेती. भिंत तुम्ही सांगितली तशी घासली. झाली स्वच्छ. डोहाळजेवण मात्र घरच्या घरी उरकायचं ठरलं, कुणालाच बोलवत न्हाई. तुम्हीही या वयात एवढी दगदग करू नका. दिवाळी झाल्यावर बघू.

लोभ आहेच, तो तसाच राहो.
सिंधु


नांदेड, ३ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. सिंधुस आशीर्वाद.

सख्ख्या भावाला येऊ नको म्हणून कळवलंस, वाचून वाईट वाटलं. हे तुझे शब्द नव्हेत. हजेरीपटाची चेष्टा रामलिंगरावांनी मनाला लावून घेतली असणार. माणसानं एवढं कोतं मन ठेवू नये. वर माझ्या सल्ल्यानं भिंत उजळली, त्याचं एका शब्दानं कौतुक नाही. ठीक आहे, नाही येत.

अण्णा


देवणी, १० ऑक्टोबर २०२४

ती. मामांस, सुकन्याचा सा. नमस्कार.

तुमचं पत्र आईंना मीच वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य वाचलं न्हाई. हे पत्र मी त्यांना न सांगता लिहून राहिले.

मामा, चष्मा फुटला न्हाई. आई शिडीवर चढून घासत होत्या. ब्रश पत्र्याच्या कडेला अडकला, जोरात सुटला अन् ॲसिड उडून उजव्या डोळ्यात गेलं. आधी उदगीरला नेलं, तिथून लातूरला. नऊ दिवस होतो. त्या डोळ्यानं त्यांना आता धुरातून पाहिल्यासारखं दिसतं. भिंतीचा रंगही जागोजागी सोलला, खाली गंज धरलाय.

दवाखान्यात त्यांनी आम्हां सगळ्यांकडून वचन घेतलं की अण्णांना कळवायचं न्हाई, त्यांना लई लागेल. विचारणाऱ्याला सांगतात, माझ्याच हातून बाटली निसटली. बाबा तर तेव्हापासून त्या भिंतीकडं फिरकतच न्हाईत. तुम्ही त्यांना दोष दिलेला मला बघवला न्हाई. मोठ्या माणसांत बोलले, माफ करा.

आशीर्वाद असू द्या.
सुकन्या


नांदेड, १६ ऑक्टोबर २०२४

श्री. रामलिंगराव यांस स. न. वि. वि.

सुकन्येनं सगळं कळवलं. तिच्यावर रागावू नका. हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

मी बांधकाम खात्यात होतो, पण नकाशांच्या टेबलावर. असल्या पत्र्याला उभ्या जन्मात हात लावलेला नाही. सिंधुचं पत्र आलं तेव्हा मला उत्तर ठाऊक नव्हतं. फरशीवाल्यांना ॲसिड वापरताना पाहिलं होतं, तेच दडपून लिहिलं. मला माहीत नाही, हे धाकट्या बहिणीला लिहायला हात धजला नाही.

याहून लाजिरवाणं आहे ते तुम्हाला सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगवणार नाही. सुकन्येचं पत्र वाचून सिंधुचा डोळा नंतर मनात आला. आधी हे आलं, की मी थोडं पाणी टाक असं लिहिलं होतं ना? म्हणजे चूक माझी नाही ना? पुरतं एक मिनिट मी तेच आठवत बसलो होतो. त्यानंतर आरशात बघवलं नाही.

तुम्ही साबण म्हणाला होता, तेच खरं होतं. मी तुमची चेष्टा केली. माफी मागायला तोंड नाही. या म्हणालात तर येईन.

आपला, शिवमूर्ती


देवणी, २४ ऑक्टोबर २०२४

ती. अण्णांस रामलिंगचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र खिशात घेऊन तीन दिवस हिंडलो. तुम्ही माझी माफी मागू नका. आधी हे वाचा.

पत्रे ठोकणाऱ्यानं जाताना एक छापील कागद दिला होता. ॲसिड न्हाई, तारेचा ब्रश न्हाई, मऊ फडकं, साबणाचं पाणी अन् मग भरपूर साधं पाणी. तो मी तेव्हाच वाचून कपाटात ठेवला होता. सप्टेंबरातलं तुमचं पत्र सिंधुनं सूनबाईसमोर हसत हसत वाचलं. हजेरीपटाचं मला लागलं. कागद काढून दाखवायला दोन मिनिटं पुरली असती. पण मनात म्हटलं, होऊ दे. रंग गेला की कळेल समद्यांना, अण्णांना किती कळतंय ते. ॲसिड मीच दुकानातून आणलं. शिडी धरून मीच उभा होतो. डोळ्याचं मनात आलं न्हाई, पण हे आता कुणाला सांगू.

परवा तिला सांगितलं. पहिल्यांदा कानाशी हळू बोललो, तर तिला ऐकू आलं न्हाई. दुसऱ्यांदा ओरडून सांगावं लागलं. चुलीपाशी सूनबाईनं ऐकलं, शेजारच्या भुजंगरावांनीही ऐकलं असणार. ती दिवसभर माझ्याकडं पाठ करून बसली. काल सकाळी तिनं तुमचं आताचं पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, अन् मग म्हणाली की अण्णांना बोलवा. तुम्ही दोघं म्हातारे मिळून ती भिंत धुवा, गंज घासा, रंग द्या, अन् तेही भर दिवसा. जाणारायेणारा विचारील, काय झालं म्हणून. त्याला ज्यानं त्यानं आपलं आपलं सांगायचं. म्हणाली, मी खुर्ची टाकून समोर बसणार हाय, ज्या डोळ्यानं दिसतंय त्यानं बघत.

दिवाळीच्या आधी या. मऊ फडकी काढून ठेवतो.

तुमचा, रामलिंग