कॅमेऱ्यावरची टिकली

मंगळवार, ४ नोव्हेंबर. ब्रिस्टल.

आमच्या मुक्ताला ह्यांच्या लॅपटॉपवर विंडोज काढून दुसरी, जास्त सुरक्षित सिस्टिम घालायची आहे. सकाळी म्हणाली, "आई, ती कुठल्या लॅपटॉपवर चालते त्याची यादी त्यांच्या साइटवर आहे, त्यात आपलं मॉडेल आहे का बघ. असलं तर शनिवारी सगळं पुसून टाकू."

आहे. वाय-फाय चालेल, कॅमेराही. कॅमेऱ्यावर अजून माझी टिकली आहे. कोणी बघायला नको म्हणून ह्यांनीच चिकटवलेली.

पण पुसलं तर पाचची आठवणही जाईल. ह्यांनी लावलेली. हे जाऊन वर्ष झालं, तरी रोज पाचला पडद्यावर येतं, "चहा टाकतेस ना?" आणि मी टाकते. दोन कप.

आत्ता तिचा फोन. "आहे का गं?"

"नाही गं, यादीत नाही."

कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, खोटं बोललेलं कोणीतरी बघतंच. बोलताना माझं बोट टिकलीवर घट्ट दाबलेलं होतं.