चार हजार खांबांचा अनुभव

तीर्थरूप ताईस,

गुडघे जेवढं वाकू देतील तेवढं वाकून नमस्कार. उरलेला नमस्कार मनाने पोहोचता केला आहे असं समज. तुझी पाठ कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला का, की अजूनही माझा फोन आला की बरोबर त्याच वेळी उसळतो? इकडे सगळं ठीक. सूनबाईंना बढती मिळाली, चिरंजीव नेहमीसारखे कामात, आणि मी (हे वाचताना बसून घे) निवडून आलो आहे. कुठे आणि कशात, ते ओळीने सांगतो. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू ऐन रंगात आलेल्या ठिकाणी "थांब रे, गॅसवर दूध आहे" म्हणून जी जातेस, ती परत येतेस दुसराच विषय घेऊन. पत्रात ती सोय नाही, म्हणून पत्र.

तर सुरुवात माझ्या निवृत्तीपासून. अडतीस वर्षं साइटवर उभं राहून दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस घरी बसला की घराचं काय होतं, हे सूनबाईंना विचार. मी भिंती ठोकून पाहिल्या. दारांच्या चौकटींना ओळंबा लावला. स्वयंपाकघराचा ओटा डावीकडे चार मिलिमीटर उतरता आहे, हे मी तिला तीन वेळा पुराव्यासकट दाखवलं (आहेच तो उतरता). चौथ्या वेळी तिने अतिशय गोड आवाजात सांगितलं, की बाबा, फोनवर तुमच्यासारख्या अनुभवी माणसांचे ग्रुप असतात, तिथे तुमच्या ज्ञानाची कदर होईल. म्हणजे माझ्या ओट्याला सोडा. मला कळलं, पण मी कळलं नाही असं दाखवलं आणि फोनमध्ये 'खांब' एवढा एकच शब्द टाकला. लगेच एक ग्रुप वर आला. नाव 'खांबावर खांब', सभासद दोनशे सात, आणि वर फोटो एका जाळीचा. ताई, काय ती जाळी. एकेक चौकोन मापात, एकही गाठ ढिली नाही. स्लॅबच्या सळया इतक्या नेटक्या बांधणारा माणूस मला अडतीस वर्षांत भेटला नव्हता. मी तिथल्या तिथे प्रवेशाचा अर्ज केला.

अर्जात दोन प्रश्न होते. पहिला, अनुभव किती. मी लिहिलं, अडतीस वर्षं, आजवर सुमारे चार हजार खांब उभे केले. त्यावर ग्रुप चालवणाऱ्या बाईंचं (शिवणकामाच्या निवृत्त शिक्षिका आहेत, सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात) उत्तर आलं, की अनुभव थोडा कमी आहे, आमच्यातल्या काहीजणी तेवढे महिनाभरात करतात, पण हरकत नाही, शिकाल हळूहळू. महिन्याला चार हजार खांब म्हणजे ह्या बायका शहरंच्या शहरं उठवत असल्या पाहिजेत. दुसरा प्रश्न होता, सुई किती मिलिमीटरची वापरता. आता काँक्रीट नीट बसावं म्हणून आम्ही त्यात जी थरथरणारी नळी बुडवतो, तिला साइटवर नीडल म्हणतात. मला वाटलं, बाई शिक्षिका, शुद्ध बोलत असतील. मी लिहिलं, साधारणपणे चाळीस, मोठं काम असेल तर साठ. नंतर समजलं की त्या सगळ्या जास्तीत जास्त सहा मिलिमीटरची वापरतात, आणि माझं उत्तर वाचून दोघीतिघींनी आपापल्या नवऱ्यांना बोलावून दाखवलं होतं. पण मला आत घेतलं.

आणि गेल्या गेल्या माझी गरज पडली. एका दातांच्या डॉक्टरीण बाईंनी काकुळतीने लिहिलं होतं, की माझे खांब दर वेळी डावीकडे झुकतात, काय करू. हा प्रश्न मला झोपेतून उठवून विचारला तरी मी उत्तर देईन. मी लिहिलं, आधी पायाची ओळ मोजा, पाया लहान आणि वरचा भाग मोठा झाला की सगळं असंच कलतं. त्यांनी मोजली. पायात चाळीस आणि वर त्रेचाळीस. संध्याकाळपर्यंत त्यांचे खांब सरळ, आणि मला हात जोडलेली बारा चित्रं. दुसऱ्या एकीचे दर ओळीला एकदोन खांब कमी होत होते. मी स्पष्ट लिहिलं, कोणीतरी लंपास करतंय, प्रत्येक ओळ संपली की मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका आणि मोजणाऱ्याची सही घ्या. तिने सही कोणाची घेतली माहीत नाही, पण मोजायला लागल्यापासून खांब कमी व्हायचे थांबले. कोणी विचारलं, मुका खांब नीट येत नाही. मी म्हटलं, जो खांब वजन घेत नाही तो हवाय कशाला, काढून टाका. तिने काढला, आणि म्हणे त्यामुळे झोळ फार सुंदर पडला. (झोळ सुंदर पडला म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आमच्याकडे झोळ पडला की कंत्राटदाराला नोटीस जाते.)

मग एक दिवस त्याच डॉक्टरीण बाईंनी लिहिलं, की काम पूर्ण झालं, तीनशे बारा खांब, आठ दिवसांत, आणि सोबत फोटो. फोटोत एक पिवळं टोपडं. मी टोपड्याच्या मागे इमारत शोधली. बोटांनी फोटो मोठा करून चारी कोपरे पाहिले. शेवटी विचारलं, काम उत्तम, पण इमारत कुठे आहे? सत्तर जणी हसल्या. काय विनोदी आहात हो तुम्ही, असं पाच जणींनी लिहिलं. आणि तेव्हा, ताई, माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. खांब लोकरीचे. क्रोशाच्या सुईवर घातलेले टाके, आणि मुका खांब हाही त्यातलाच एक टाका. ती स्लॅबची जाळी म्हणजे कुणाच्या तरी खुर्चीचं पाठकव्हर. मी चहा तसाच ठेवून बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

ग्रुप सोडावा म्हणून बोट बटणावर नेलं होतं, खोटं कशाला सांगू. पण तेवढ्यात कुणीतरी विचारलं, की काका, बाही खांद्याला जोडताना भार कुठे घ्यायचा? आता भार कुठे घ्यायचा हे मला येतं. निवृत्त झाल्यापासून मला कोणीही, घरात किंवा बाहेर, 'हे बरोबर आहे का' असं विचारलेलं नव्हतं. इथे दिवसाला दहाजणी विचारत होत्या. मला फार बरं वाटत होतं, ताई, म्हणून मी राहिलो आणि तोंड बंद ठेवलं. चूक झाली हे कबूल.

ह्या चुकीचं बिंग फुटलं ते बाईंच्या उत्साहामुळे. ग्रुपला पाच वर्षं झाली म्हणून त्यांनी जाहीर केलं, की प्रत्येकीने ग्रुपबद्दल आपलं मत मोकळेपणाने मांडावं. शिक्षिकेला मोकळेपणाचा अनुभव कमी असतो. दोन दिवसांत मतांचा खच पडला. एकीने लिहिलं, की आजारपणात चार महिने पडून होते, ह्या ग्रुपने मला वेडं होण्यापासून वाचवलं. (हे वाचून मी चष्मा पुसला.) तिच्याखालीच दुसरीने लिहिलं, की नमुना मागितला की सगळ्या 'सोपं आहे गं' म्हणतात आणि सांगत कोणीच नाही. तिसरीचं म्हणणं, इथे उठल्यासुटल्या शुभेच्छा असतात, विणकाम शोधावं लागतं. चौथीने ग्रुपला शंभरपैकी शंभर दिले आणि त्याच दमात आपण ग्रुप सोडत असल्याचं कळवलं. (ती तीन वर्षं सोडते आहे.) दोन सुयांवर विणणाऱ्यांची वेगळीच तक्रार. ग्रुपच्या नावात खांब आहेत, पण त्यांच्या उलट-सुलट टाक्यांचा पत्ता नाही, म्हणजे ह्या घरात त्या पाहुण्या. त्यावर क्रोशावाल्या, म्हणजे एक सुईवाल्या, म्हणाल्या, नावात काय आहे. दोन सुईवाल्या म्हणाल्या, मग बदला की. बाईंनी मध्ये पडून दोन्हीकडची बोलणी खाल्ली. आणि ह्या सगळ्या रणधुमाळीत एक मत माझ्याबद्दल आलं.

ते होतं एका ग्रंथपाल बाईंचं. मी मागे सगळ्यांना सांगितलं होतं, की मोठ्या कामाआधी नमुन्याचा तुकडा करा, पाण्यात ठेवा, मग मोजा, कारण आम्ही काँक्रीटचे ठोकळे तसेच तपासतो. ह्या सल्ल्याने निदान सहा स्वेटर आटण्यापासून वाचले. पण मी सवयीने लिहून गेलो होतो, सात दिवस आणि मग अठ्ठावीस दिवस. ग्रंथपाल बाई छापील शब्द पाळणाऱ्या. त्यांनी तुकडा बादलीत अठ्ठावीस दिवस ठेवला. पंधराव्या दिवशी वास सुटला, विसाव्या दिवशी बादलीतल्या लोकरीचा लाल रंग नवऱ्याच्या सहा सदऱ्यांना लागला. त्यांनी लिहिलं, की ह्या गृहस्थांनी आजवर स्वतःच्या हाताने विणलेली एक तरी वस्तू दाखवावी, नाहीतर त्यांना काढावं. सदऱ्यांचा फोटो जोडला होता.

चिरंजीव म्हणाले, शेजारच्या आजींचा स्वेटर मागून आणू, फोटो काढू, कोणाला कळणार आहे. ताई, मी आयुष्यात न पाहिलेल्या खांबाच्या कागदावर कधी सही केलेली नाही. मी दुपारी तीन वाजता जेवणाच्या टेबलाशी बसून सगळं लिहून काढलं, की माझे खांब सिमेंटचे होते, सुई मी हातात धरलेली नाही, टोपड्याच्या दिवशी मला सगळं कळलं होतं आणि तरी मी बोललो नाही, कारण इथे यायला मला आवडत होतं. सदऱ्यांबद्दल माफी मागितली. मग बाईंचा संदेश आला:

"त्यांनी अनुभव खोटा सांगितला नव्हता. खांब कसले, हे आपणच विचारलं नाही. मत द्या, राहायचे की जायचे."

आणि त्या संध्याकाळी, ताई, मतमोजणी झाली. राहावे, एकशे अठ्ठेचाळीस. जावे, एकोणचाळीस. चुकीचं बटण दाबलं गेलं म्हणून क्षमा असावी, अकरा. एक सुईवाल्या आणि दोन सुईवाल्या पाच वर्षांत पहिल्यांदा एका बाजूला आल्या, त्या माझ्यासाठी. शंभरपैकी शंभर देणाऱ्या त्या चौथीनेही राहावे म्हणून मत दिलं आणि आपण ग्रुप सोडत असल्याचं पुन्हा कळवलं. खुद्द ग्रंथपाल बाईंनी विरोधात मत देऊन खाली लिहिलं, की तुकडा मात्र आटला नाही. नमुना धुऊन मोजण्याचा माझा सल्ला आता ग्रुपच्या नियमांत नववा आहे (दिवसांचा आकडा गाळून), आणि मला 'खांब तपासनीस' हे पद मिळालं आहे. सूनबाईंनी पेढे नाहीत पण केक आणला, आणि ओट्याच्या उतरत्या बाजूला ठेवून कापला. मी एक शब्द बोललो नाही. इतका मी आनंदात होतो.

भाऊजींना नमस्कार. पाठीला शेक देत जा.

तुझा धाकटा भाऊ,
खांब तपासनीस

ता. क. निवडीला एक बारीकशी अट आहे, ती वर सांगायची राहिली. महिनाभरात मी स्वतःच्या हाताने वीतभर लांब-रुंद चौकोन विणून दाखवायचा. बाईंनी विचारलं, शिकवणार कोण. मी लिहून टाकलं, माझी मोठी ताई. आता त्या सगळ्या तुझी चौकशी करतायत आणि तुझ्या तब्येतीला जपायला सांगतायत.

आणखी एक ता. क. महिन्यातले अठरा दिवस गेले. मी आपला आपण प्रयत्न केला. जे तयार झालं त्याला तीन बाजू आहेत. सूनबाईंनी त्याने गॅस पुसला, आणि तिची चूक नव्हती.

शेवटचं. तुझा तो पांढरा टेबलक्लॉथ. मी तेव्हा नुकताच साइटवर लागलो होतो, चुना गाळायला कापड सापडेना, म्हणून टेबलावरून उचलून नेला. जाळी बारीक आहे, चुना छान गळेल, एवढंच मला दिसलं. तू ओरडलीसही नाहीस. सुई डब्यात ठेवलीस, आणि त्यानंतर मी तुला विणताना पाहिलं नाही. आईचा खुर्चीत बसलेला फोटो आहे ना, त्यात मागे तो टेबलक्लॉथ दिसतो. परवा भिंग घेऊन मोजायला बसलो. दिसतोय तेवढ्यात नऊशे चाळीस खांब आहेत, आणि दिसतोय तो जेमतेम आठवा हिस्सा. मोजायलाच मला दोन दुपारी लागल्या. ताई, मला खरंच माहीत नव्हतं गं. माफी मागायला मी शनिवारी तुझ्याकडे येतोय, लोकर घेऊन. शिकवायचं की नाही, ते तू ठरव. शिकवलंस, तर पहिली ओळ तुला हव्या तितक्या वेळा मला उसवायला लाव. मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही.