बोज्जोसाहेबांच्या कोटाबद्दल

प्रातो, १४ नोव्हेंबर १९७३

तीर्थस्वरूप अर्जियाताईस,
धाकट्या ओरेस्तेचा नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? पिस्तोयाची दमट हवा दिवसभर शिवण घेऊन बसणाऱ्या बाईला मानवत नाही, हे मी तीस वर्षं सांगतोय आणि तू तीस वर्षं ऐकत नाहीस, तेव्हा यंदाची विचारपूस इथेच थांबवतो. इकडे सर्व क्षेम. (सर्व म्हणजे मी सोडून.)

निव्हेसचे होणारे सासरे, बिएल्लाचे बोज्जोसाहेब, रविवारी पहिल्यांदाच आपल्या घरी जेवायला आले होते. बिएल्लाचे लोक तुला ठाऊकच आहेत. त्यांच्या लेखी मेंढीच्या अंगावरून थेट उतरते तीच लोकर. आणि आपण प्रातोवाले जगभरचे जुने कोट फाडून, पिंजून त्यांचं पुन्हा कापड विणतो, म्हणून आपण जवळजवळ भंगारवाले. निव्हेसने मला दोन अटी घातल्या: चिंध्यांचा विषय काढायचा नाही, आणि कुणाच्या कपड्याला हात लावायचा नाही. (दुसरी अट अन्यायाची नव्हती. मागच्या ईस्टरला मी पाद्रीबाबांचा झगा चिमटीत धरून त्यात सूत किती हे चर्चच्या दारातच सांगितलं होतं. देवमातेचा पवित्र कमरपट्टा चर्चच्या सज्जातून दाखवतात तेव्हासुद्धा सगळं गाव हात जोडतं आणि माझी बोटं शिवशिवतात.) आई नसलेली पोर मी एकट्याने वाढवली. तिचं लग्न माझ्या बोटांपायी मोडू नये, एवढीच माझी इच्छा होती. म्हणून जेवणभर हात मांडीखाली ठेवले, भरलेल्या सेलरीपुरते तेवढे बाहेर काढले.

घोळ कॉफीच्या वेळी झाला. निव्हेस म्हणाली, साहेबांचा कोट मागच्या खोलीत टांगून या. त्या खोलीत माझा जुना बाक आहे, कोट उसवायचं उभं पातं लावलेला. (निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण तो टाकवत नाही.) जरा टेकलो. मनात आलं, निव्हेस गेल्यावर या घरात कॉफी एकाच कपाची होणार. खरं सांगतो ताई, डोळे भरून आले. आणि डोळे भरलेले असताना हातांनी चाळीस वर्षांचं काम सुरू केलं. भानावर आलो तेव्हा बटणं डब्यात, अस्तर डावीकडे, बाह्या उजवीकडे, आणि निव्हेस दारात. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, ते अजून बाहेर बसलेत."

आता खरी मौज ऐक. तुकडा बोटांत चोळून पाहिला, तर बिएल्लाची शुद्ध नवी लोकर म्हणून साहेबांनी सूप संपेपर्यंत मिरवलेला तो कोट आपल्याच गावच्या चिंध्यांचा! मला इतका आनंद झाला की तुकडा घेऊन तसाच टेबलाशी निघालो होतो. तेवढ्यात खिसा आठवला. (खिसे आधी तपासायचे असतात. म्हातारा झालो.) आत चिठ्ठी होती, साहेबांच्याच हातची: 'सेलरी आवडली असे म्हणणे. चिंध्यांचा विषय काढू नये. मुलगी फार गुणी आहे, तिच्या बापाला वाईट वाटेल असे काही बोलू नये.' मला लाज वाटली, ताई. तो बिचाराही हात मांडीखाली ठेवूनच आला होता. मी बाहेर गेलो, कोटावर माझ्या हातून तेल सांडलं, धुवायला पाठवतो असं सांगितलं आणि माझा तपकिरी कोट त्यांच्या अंगावर चढवला. ते जाताना सेलरी आवडली म्हणाले.

तुझा,
ओरेस्ते

ता. क. सोबतच्या पार्सलात कोट आहे. अकरा तुकडे. येत्या रविवारी साहेब तारीख ठरवायला येणार आहेत, त्याआधी होता तसा करून पाठव. तुझ्या निव्हेसचं लग्न तुझ्या सुईवर आहे.

ता. क. २ बटणं सात पाठवलीत. आठवं माझ्या डब्यातल्या हजारोंत कुठेतरी आहे.

ता. क. ३ पार्सल बांधत होतो तोच खालच्या दुकानात साहेबांचा फोन आला. तारीख त्यांनीच काढली, पाच जानेवारी. माझा कोट चर्चमध्येही घालू का, असं विचारत होते. म्हणाले, "काय लोकर आहे ओरेस्ते! ही आमच्या बिएल्लाचीच. आम्हाला हात लावताच कळतं." ताई, हा माझा तपकिरी कोट, माझ्याच हातांनी निवडलेल्या चिंध्यांचा, तू शिवलेला. मी हो म्हणालो. शिवायची घाई करू नकोस.