स्टीरिओवरचे अठ्ठ्याऐंशी अंश

१२ जानेवारी, रविवार

गौरेशने अखेर एक कामाची गोष्ट केली! एवढा मोठा घोडा झाला, म्हापशाच्या दुकानात लोकांच्या गाड्यांत गाण्याचे डबे बसवतो. मुलाच्या या धंद्याचं मी कधी कौतुक केलं नाही, करण्यासारखं नव्हतंच. आज माझ्या जुन्या गाडीत त्याने मोठ्या पडद्याचा स्टीरिओ बसवला. स्टिअरिंगखाली काडेपेटीएवढं एक यंत्र खोचलं. ते इंजिनाची खबर काढतं आणि वायरीशिवाय पडद्यावर पाठवतं म्हणे. बराच वेळ खटपट चालली होती. मी दोनदा ओरडलो, "झालं की नाही?" मग पडदा उजळला. इंजिनाचे फेरे, पाण्याचं तापमान, बॅटरी — सगळे काटे जिवंत! तापमान अठ्ठ्याऐंशी अंश.

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! सत्य असं डोळ्यांसमोर पाहिजे." तो काही सांगायला गेला. पण मी बोलत होतो.

हर्षा नारळ घेऊन बाहेर आली. गाडीत नवी वस्तू बसली, आता देवाला गाऱ्हाणं घालायला हवं! म्हटलं, जिथे इंजिन स्वतः बोलतं तिथे गाऱ्हाणं कसलं? बायको नारळ घेऊन परत स्वयंपाकघरात गेली. संध्याकाळी तोच सोलकढीत आला.

१५ जानेवारी, बुधवार

आमोण्याची रुक्मिणी आली होती. नवरा कधीच गेला. ज्या घरात नवरी म्हणून आली, ज्याच्या भिंती दर वर्षी स्वतः लिंपते, ते घर उभं आहे भाटकाराच्या जमिनीत. भाटकाराने जमीन कुठल्या तरी बाहेरच्या कंपनीला विकायला काढली आहे, आणि कंपनीला तिथे घर नको आहे. मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारी, म्हणून घर तिच्या नावावर व्हावं, असा अर्ज मी घालून दिला. अठ्ठावीस तारखेला डिचोलीत मामलेदारांपुढे सुनावणी. ती स्वतः हजर पाहिजे. नसली तर अर्ज संपला.

"भाऊ, म्हाका चार माणसांत उलोवंक येना."

"बोलायला मी आहे," म्हटलं.

१९ जानेवारी, रविवार

आमोण्याच्या सभेत आज रंगलो! गाडी मंडपाला लावली, दार उघडं, पडदा चालू. "बघा मंडळी! इथे लपवाछपवी नाही. इंजिन तापलं की आकडा तापतो. असाच पडदा प्रत्येक कचेरीच्या दारावर लावा, म्हणजे कळेल कोणाची फाइल कुणाच्या बुडाखाली झोपली आहे ते!" टाळ्या.

भाटकाराचा माणूस शंभू मागे उभा होता, तोंडात पान. ओरडला, "भाऊ, गाडी बंद आसा मगे? मग काटो कसो नाचता?"

मी श्वासही घेतला नाही. "भाटकार झोपला तरी तू नाचतोस ना शंभू? तसा!"

सभेत हशा फुटला. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. शंभू थुंकला आणि चालता झाला. भाड्याचा माणूस!

गौरेश गाडीला टेकून उभा होता. तो हसला नाही. वक्तृत्वातलं त्याला काय कळणार?

२३ जानेवारी, गुरुवार

गौरेश म्हणाला, "बाबा, त्या स्टीरिओविशीं जरा उलोवपाचें आसा." म्हटलं, सुनावणीनंतर. मी मुद्दे काढतोय.

२७ जानेवारी, सोमवार

रुक्मिणीने शेजारणीच्या फोनवरून विचारलं, "हांव सकाळच्या बशीन डिचोली पावता, तुमी थंय मेळतात?" म्हटलं, अजिबात नाही! हक्क मागायला जाणारी बाई बसमध्ये लोंबकळत जाणार नाही. तू रस्त्यावर येऊन उभी राहा, मी गाडी घेऊन येतो, ताठ मानेने जाऊ. "बरें तर," म्हणाली.

सगळं तयार आहे. कागद हातात घ्यावा लागणार नाही. उद्या त्या कचेरीत एक आवाज घुमेल!

२८ जानेवारी, मंगळवार

लिहवत नाही. तरी लिहितो.

अस्नोड्याच्या पुढे चढावर शेजारी बसलेली हर्षा म्हणाली, "अहो, करपल्लो वास येता." मी पडद्याकडे बोट केलं — अठ्ठ्याऐंशी. "आनी हो काटो?" गाडीचा मूळचा काटा, स्टिअरिंगमागचा, लालात जाऊन टेकला होता. म्हटलं, तो सडलेला, जुना. नवं समोर असताना जुन्याला चिकटायचं, हाच आपल्या लोकांचा रोग! यावर मी बराच बोललो. चढ संपेपर्यंत.

मग बॉनेटमधून वाफ. समोरची काच पांढरी. आतून काहीतरी तुटल्यासारखा आवाज आला आणि गाडी थांबली ती थांबलीच.

शेजारणीला फोन लावत राहिलो. ती शेतात गेलेली. रिक्षा नाही. अखेर एका टेम्पोवाल्याने घेतलं. हर्षा गाडीपाशी राहिली, मी आमोण्याला पोचलो. रुक्मिणी रस्त्याकडेला उभी होती — लग्नाकार्यात नेसायची साडी, केसांत अबोलीचा वळेसर, कागदांची पिशवी छातीशी धरलेली. उन्हाने तोंड काळवंडलं होतं.

"बशी गेल्यो, भाऊ. हांव चडली ना. तुमी येतां म्हणिल्लें न्हय?"

डिचोलीला पोचलो तेव्हा नाव पुकारून झालं होतं. अर्जदार गैरहजर. अर्ज फेटाळला. मी कचेरीच्या दारात उभा राहिलो.

परत निघताना ती म्हणाली, "तुमी कायच खाल्लां ना दिसता." तीच मला म्हणाली!

२९ जानेवारी, बुधवार

कोणाचा फोन नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

गॅरेजात गेलो. इंजिनाचं हेड उतरवून गोणपाटावर ठेवलेलं. आजूबाजूला नट, नळ्या, काळं तेल. मेस्त म्हणाला, पाणी पुराय आटलेलं, सगळं करपून गेलं आहे. "काटो पळोवंक ना, भाऊ?"

कागदपत्रं काढायला गाडीत बसलो. सवयीने चावी फिरवली. पडदा उजळला. फेरे दोन हजार. तापमान अठ्ठ्याऐंशी. काटे झोकात डुलत होते.

इंजिन बाहेर गोणपाटावर!

मेस्त खिडकीतून वाकला आणि हसत सुटला. "भाऊ, हो डेमो! दुकानांत गिरायकाक दाखोवपाचो. हाका इंजिन लागना."

२ फेब्रुवारी, रविवार

गौरेशला समोर उभा केला. ओरडलो. शेजाऱ्यांनी ऐकलं असेल, ऐकू दे.

खाली बघत म्हणाला, "तुमची गाडी जुनी. तें यंत्र तिच्याकडेन जुळ्ळेंच ना. तुमी बोवाळ घालताले, म्हणून इल्लो वेळ डेमो लायलो. मागीर सांगतां म्हणलें. आनी तुमी शाब्बास म्हणलें. जल्मांत पयलीच खेप."

"मग सांगितलं का नाहीस? वाचा गेली होती?"

आतून हर्षा बोलली — भांडी घासताना, वळूनसुद्धा न बघता. "केन्ना सांगतलो? तुमी मदीं श्वास घेतात?"

घरभर पुस्तकं आहेत. सत्यावर मी पेडण्यापासून डिचोलीपर्यंत व्यासपीठं गाजवली. आणि माझ्याच घरात माझ्या मुलाने मला खेळण्यातला काटा दाखवला! बायको त्याच्या बाजूने! ज्या एका शब्दाने त्या बाईचं घर वाचलं असतं तो शब्द याच्या घशात अडकून राहिला. क्षमा नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

रुक्मिणीला निरोप धाडला. अर्ज पुन्हा उभा करता येतो, गैरहजेरीचं कारण मी स्वतः मांडतो. उत्तर आलं, "बघुया."

बघुया! या एका शब्दावर आपला समाज झोपा काढतो.

९ मार्च, रविवार

गाडी अजून गॅरेजातच. सभेला बसने गेलो. डिचोलीच्या स्टँडवर शंभू भेटला. चार माणसांसमोर मोठ्याने विचारलं, "भाऊ, आज कितले डिग्री?"

उत्तर सुचलं नाही. मला!

३० मार्च, रविवार

पाडवा. रुक्मिणीकडून काही नाही. तिने सोडून दिलं असणार. हे लोक असेच. एक ठेच लागली की घरी बसतात, मग घर गेलं की रडतात. कोणासाठी घसा फोडला मी? श्रोते टाळ्या वाजवतात आणि उठून जातात.

गौरेशशी बोलणं बंद आहे. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशीही तो सकाळीच स्कूटर काढून कुठे तरी जातो. जाऊ दे.

२५ एप्रिल, शुक्रवार

म्हापशाच्या बाजारात रुक्मिणी दिसली. सोलां, म्हणजे आमसुलं, विकायला बसली होती. मला बघून उठली, हात पुसला.

"घर जालें, भाऊ. म्हज्या नांवार."

विचारलं, तुझ्या बाजूने बोललं कोण?

"कोण उलयतलो? सायबान विचारलें, हांवें सांगलें."

आणि अर्ज? डिचोलीच्या फेऱ्या?

"गौरेश न्हय? दर तारखेक स्कूटरीर बसोवन व्हरतालो. तुमकां खबर ना?"

घरी आलो. जेवायला बसल्यावर हर्षाने विचारलं, "बाजारांत कोण मेळ्ळें?" गौरेशचा घास हातातच थांबला.

"कोणी नाही," म्हटलं.